विचारायला येऊ नये

श्रीपाद चौबळ रविवारी सकाळी पापलेटं घेऊन घरी निघाले होते. डोंबिवलीच्या भर बाजारात त्यांना स्वतःचं नाटक दिसलं आणि हातातली पिशवी गळून पडली.

'शीतल गृहवस्तू भांडार' या नव्या दुकानापुढे ही गर्दी जमली होती. मधोमध एक भला थोरला तराजू टांगलेला, एका पारड्यात मुंडावळ्या बांधलेला नवरा बसलेला, आणि शेजारी हातभर मिशांचा सासरा मांडीवर थाप मारून ओरडत होता, "वजन कमी पडतंय! आणा फ्रीज!" श्रीपादरावांना आधी आनंदच झाला. हे त्यांच्या 'सहभाग' कलापथकाचं हुंड्याविरुद्धचं पथनाट्य होतं, 'नवरा तोलून मिळेल'. मांडीवरची थापसुद्धा त्यांचीच. आता नवरी पुढे येणार, तराजू उलथवणार आणि सासऱ्याला गावाबाहेर हाकलणार, म्हणून टाळ्या वाजवायला त्यांनी हात वर केले.

नवरी पुढे आली. तिने तराजूला हातही लावला नाही. लोकांकडे वळून ती गोड हसली आणि म्हणाली, "मामंजी, फ्रीज माझे बाबा का म्हणून देतील? मी काय कमावत नाही? आजच पहिला हप्ता भरा, फ्रीज स्वतःच्या नावावर घ्या! हुंडा हटवा, हप्ता भरा!"

ढोलकी कडाडली, दुकानाचं शटर वर गेलं आणि आत झेंडूचा हार घातलेला एक फ्रीज प्रकट झाला. बायका शटरखालून वाकून वाकून आत शिरल्या. श्रीपादरावांचे टाळीसाठी वर गेलेले हात तसेच हवेत राहिले. तेवढ्यात एका कुत्र्याने सगळ्यात मोठं पापलेट उचललं.

दुकानाचा मालक आनंदा म्हात्रे बर्फ घातलेलं सरबत घेऊन धावत आला. "या काका! तुमची वाटच बघत होतो. कसा वाटला?"

"कसं वाटलं?" श्रीपादराव ओरडले. "अरे, हे आमचं नाटक! विचारायची काही पद्धत?"

आनंदाने गल्ल्याखालून एक पातळ पुस्तिका काढली आणि शेवटचं पान उघडून अदबीने पुढे धरली. सायक्लोस्टाइलच्या निळसर अक्षरांत लिहिलं होतं: 'हे नाटक कुणा एकाचं नाही, सर्वांचं आहे. कोणीही करावं, कसंही बदलावं. विचारायला येऊ नये.'

"माझी इच्छा लय होती हो यायची," आनंदा म्हणाला. "पन शिकल्यासवरल्या मानसांनी लिवलंय, येऊ नये. मंग आपन शब्द कसा मोडायचा?"

श्रीपादरावांनी सरबत पिऊन टाकलं. रागात प्यायले, तरी ते गार लागलंच.

त्या तीन वाक्यांपायी पथक एकदा फुटायच्या बेताला आलं होतं. नाटक मुळात सगळ्यांनी मिळून रचलेलं. वाचनालयाच्या सतरंजीवर बसायचं, एकाने वाक्य सुचवायचं, दुसऱ्याने खोडायचं, तिसऱ्याने सुधारायचं. शेवटी कुणाचं काय ते कुणालाच ओळखता येईना, असं श्रीपादराव अभिमानाने सांगत. आपली वाक्यं मात्र त्यांना झोपेतही ओळखता आली असती. मिशा ही तर सर्वस्वी त्यांची कल्पना. "सासरा दुष्ट आहे हे गर्दीतल्या शेवटच्या माणसाला कळलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी सुतळी काळ्या शाईत बुडवून स्वतः मिशा वळल्या होत्या.

पुस्तिका छापायची ठरली तेव्हा वादाला तोंड फुटलं. ठाण्याच्या कोळीवाड्यातला महिपत कोळी कारखान्यातल्या युनियनचा माणूस, बोलायला रोखठोक. तो म्हणाला, "आपल्या विचारांच्या लोकांनाच द्यायचा. उद्या एखाद्या शेठच्या हातात गेला, तर तो आपल्यालाच आपला माल विकंल."

रंभा वैद्य कॉलेजात शिकवायची. तिचं म्हणणं वेगळंच. "सगळ्यांना द्या, पण एक अट घाला. ज्याने बदल केला, त्याने आपलं बदललेलं नाटकही असंच छापून वाटायचं. घेणार खुलं आणि ठेवणार कुलपात, असं नाही चालणार."

मग श्रीपादरावांनी चष्मा काढला. कुठलाही थोर विचार मांडण्याआधी ते चष्मा काढत, सदऱ्याच्या टोकाने पुसत आणि पुन्हा नाकाच्या शेंड्यावर ठेवत. खांद्याला शबनम पिशवी असली, तर ती एकदा सारखी करत. "अट घातली की मालकी आली," ते म्हणाले, "आणि मालकी आली की हुंडा काही लांब नाही. ओव्या कुणी रचल्या, कुणाला माहीत आहे का? बायांनी दळता दळता रचल्या, बदलल्या, पुढे दिल्या. कुणी परवानगी मागितली? समाज बदलायचा तर नाटकही समाजाला बदलू द्या!" सतरंजीवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. महिपत आणि रंभा हरले आणि ती तीन वाक्यं छापली गेली.

त्यामुळे त्या रविवारी संध्याकाळी तातडीची सभा भरली, तेव्हा महिपतला आवरणं कठीण झालं. "मी बोल्लेलो! मी बोल्लेलो का नाय?"

"सर, आपण त्याला थांबवू या का?" रंभाने विचारलं.

"कुठल्या तोंडाने?" श्रीपादराव म्हणाले. "आपलेच दात आणि आपलेच ओठ."

"त्याने बदललेलं छापून तरी वाटलंय का?"

वाटलं होतं. आनंदाने फ्रीजच्या माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला ते अख्खं छापलं होतं आणि घरोघर टाकलं होतं. रंभाची अट एका दुकानदाराने न सांगता पाळली होती, हा तिला वेगळाच धक्का होता.

आणि तिथून मग नाटकाला पायच फुटले. एका भजनी मंडळाने सासऱ्याला शेवटी उपरती घडवून अभंग म्हणायला लावला. एका विवाह मंडळाने हुंडा न मागणाऱ्या स्थळांची जाहिरात मध्येच घुसडली. नवरात्रात बातमी आली की टेंभी नाक्याजवळच्या एका मंडळाच्या प्रयोगात साक्षात देवी प्रकट होते आणि सासऱ्याच्या छातीत त्रिशूळ खुपसते. श्रीपादरावांनी कपाळावर हात मारला. सामाजिक प्रश्न सोडवायला देवी? महिपत तर पेटूनच उठला. "मी जातो नि बंद पाडतो," असं म्हणून तो तरातरा गेला.

तो परत आला तो कपाळाला गुलाल लावून.

"बंद पाडलंस?" श्रीपादरावांनी विचारलं.

"बंद कसा पाडनार? त्यांचा सासरा ऐन वेळी रुसला. मिशा चिकटत नाय बोलला. पब्लिक खोळंबलेली. माझ्या मिशा बघून सगळी मागंच लागली माझ्या." महिपत आपल्या खऱ्याखुऱ्या मिशांवरून हात फिरवत लाजला. "मंग राह्यलो उभा. देवीच्या हातून मेलो, चौबळसाहेब. बाया रडल्या हो. आपल्या प्रयोगाला कधी रडली कोन?"

श्रीपादरावांना वाटलं, हा माणूस आपल्या हातातून गेला.

या सगळ्या धामधुमीत घरात वेगळाच विषय शिजत होता. मोरूचं, म्हणजे मोरेश्वरचं, लग्न. मोरू औषधांच्या कंपनीत होता आणि त्याला कल्याणच्या टिपणीसांची मंजुळा पसंत पडली होती. एकदाच भेटला होता, पण तेव्हापासून जेवताना तो आमटीऐवजी पाण्यात भात कालवायचा. आता टिपणीसांकडे बोलणी करायला जायचं होतं.

"आपण काही मागायचं नाही," श्रीपादरावांनी बायकोला बजावलं.

"मी कुठे म्हणते मागा?" सरस्वतीबाई म्हणाल्या. "पण त्यांनी आपणहून विचारलं तर लगेच नको नको म्हणून नाचूही नका."

"मी एवढंच म्हणणार, आमचं काही मागणं नाही, तुमच्या मुलीला तुम्ही हौसेने काय द्याल तो तुमचा प्रश्न."

"हां, हे छान आहे," सरस्वतीबाई म्हणाल्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्याकडे बघितलं. तिथलं पिंप हलवून त्यांनी गेल्याच महिन्यात भिंतीत एक नवा प्लग बसवून घेतला होता. कशासाठी, ते श्रीपादरावांनी विचारलं नव्हतं. काही गोष्टी न विचारल्या की तत्त्वाला धक्का लागत नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी तिघं कल्याणला गेली. टिपणीसांनी कानवले पुढे केले, हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग टिपणीस घसा साफ करून म्हणाले, "मग देण्याघेण्याचं कसं?"

श्रीपादरावांनी चष्मा काढला, पुसला, नाकाच्या शेंड्यावर ठेवला. पिशवी सारखी केली. "आमचं काही मागणं नाही. तुमच्या मुलीला तुम्ही हौसेने काय द्याल तो तुमचा प्रश्न."

"वा! सुधारलेली माणसं," टिपणीस म्हणाले, पण त्यांचा चेहरा काही सुटला नाही.

"जागा तशी आहे हो घरात," सरस्वतीबाईंनी सहज म्हणावं तसं म्हटलं. "स्वयंपाकघरात एक कोपरा रिकामाच पडलाय. प्लगसुद्धा आहे तिथे."

"प्लग आहे, हो," श्रीपादरावांनी दुजोरा दिला. खरी गोष्ट नाकारणार कशी?

आतून चहा घेऊन आलेली मंजुळा दाराआडून हे सगळं बघत थांबली होती. मग तिने चहा दिला, मोरूकडे बघितलं, आणि म्हणाली, "बाबा, मला निघायला हवं. चौकात आमच्या मंडळाचा प्रयोग आहे. तुम्ही सगळ्यांना घेऊन या ना." आणि गेलीही.

"टपाल कचेरीत नोकरी करते आणि वर हे नाटकाचं वेड," टिपणीस म्हणाले. "'नवरा तोलून मिळेल' म्हणून आहे काहीतरी."

श्रीपादराव कानवल्यासकट उठून उभे राहिले. "अहो, ते आमचं नाटक!"

"हो, हो. सगळ्यांचंच आहे ते," टिपणीस समजुतीने म्हणाले. "मागच्या पानावर लिहिलंय ना तसं."

चौकात त्यांना मान म्हणून पुढच्या सतरंजीवर बसवलं. तराजू टांगलेला होता. मंडळातल्या दोघी बायका प्रेक्षकांत शिरल्या. "पारड्यात बसायला एक नवरा हवा! आहे का कोणी बिनलग्नाचा?" असं विचारत त्यांनी थेट मोरूचाच हात धरला. मोरू नाही नाही म्हणेपर्यंत त्याला मुंडावळ्या बांधून पारड्यात बसवलंसुद्धा. चौक खदाखदा हसला. सरस्वतीबाई म्हणाल्या, "अगं बाई! पडेल ना तो!"

श्रीपादरावही हसत होते. आता मिशा येणार, थाप मारणार, या विचाराने ते सरसावून बसले. पण मिशा आल्याच नाहीत. आला तो एक सौम्य, सुसंस्कृत सासरा. अंगात खादीचा सदरा, खांद्याला शबनम पिशवी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. मंजुळाच होती ती. तिने तराजूकडे बघितलं, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसला, पुन्हा नाकावर ठेवला आणि पिशवी सारखी केली.

"आमचं," ती मधाळ आवाजात म्हणाली, "काही मागणं नाही."

श्रीपादरावांच्या तोंडाचा आ झाला. त्यांचा हात आपसूक चष्म्याकडे गेला होता, तो त्यांनी घाईने खाली घेतला.

"तुम्ही हौसेने काय द्याल, तो तुमचा प्रश्न," सासरा पुढे म्हणाला. मग दोन पावलं चालला, थांबला, आणि आठवल्यासारखं करून हळूच म्हणाला, "कोपऱ्यात प्लग आहे, हो."

हसण्याचा असा काही स्फोट झाला की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. प्रत्येकाच्या ओळखीचा कुणीतरी प्लगवाला निघाला असावा. बायका एकमेकींच्या पाठीवर थापा मारत होत्या. लाज, राग आणि भीती श्रीपादरावांना एकदमच वाटली. आपलं नाटक, आपली पिशवी, आपला मुलगा पारड्यात, आणि मधोमध आपण! आयुष्यभर ज्याला गावाबाहेर हाकलण्याची भाषा केली, तो असा आपल्याच चपला घालून उभा होता. सरस्वतीबाई पुटपुटल्या, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान..." आणि पुढचं प्लगाच्या आठवणीने गिळून टाकलं.

नाटकातली नवरी आता पुढे आली. "मामंजी, तुमचं मागणं नाही ना? मग एवढंच म्हणा, आम्ही काही घेणार नाही."

सासऱ्याने तोंड उघडलं. "आम्ही काही माग..."

"मागणार नाही नव्हे, मामंजी. घेणार नाही."

"आम्ही काही घे... घे... घे..." सासऱ्याच्या घशात शब्द अडकला. त्याने पाणी मागितलं, ठसका दिला, पिशवी सारखी केली, पण पुढचं अक्षर काही बाहेर येईना. लोक पोट धरून हसले आणि मग हळूहळू शांत झाले. मंजुळा प्रेक्षकांकडे वळली. "आमच्या सासऱ्याची दातखीळ बसली. इथे कोणी आहे का, जो हे पूर्ण वाक्य म्हणून दाखवील? तोवर हा नवरा काही पारड्यातून उतरायचा नाही."

चौकात मुलांच्या बापांची काही वाण नव्हती. सगळे चपलांकडे बघत होते. पारड्यात झुलणारा मोरू मात्र सरळ आपल्या बापाकडे बघत होता. मुंडावळ्यांमधून त्याचे डोळे दिसत होते, आणि त्या डोळ्यांत विनोद नव्हता. हे लग्न इथेच मोडणार किंवा इथेच ठरणार, हे श्रीपादरावांना लख्ख कळलं. ते उठायला लागले. सरस्वतीबाईंनी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं.

"बसा हो! नाटक आहे ते!"

"माझंच आहे," श्रीपादराव म्हणाले आणि उभे राहिले. चष्म्याकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. आवाज फुटला तो चिरका, सभेत फुटायचा तसा मुळीच नाही. "आम्ही काही घेणार नाही."

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. मोरूने पारड्यातून उडी मारली, त्यामुळे दुसरं पारडं धाडकन आपटलं आणि ढोलकीवाल्याचा पाय थोडक्यात वाचला. मंजुळाने चष्मा उतरवला आणि चौकातच श्रीपादरावांना वाकून नमस्कार केला. "बाबा, राग नाही ना आला?" तिने विचारलं. ते 'बाबा' ऐकून त्यांना रडूच यायला लागलं.

टिपणीसांच्या घरी परतल्यावर त्यांनी श्रीपादरावांना बाजूला घेतलं. बिचारे फार ओशाळले होते. "घोटाळा झालाय हो. तुम्ही चारचौघांत शब्द दिलात, आणि फ्रीज तर आधीच येऊन पडलाय." त्यांनी पडदा सारला. मागे फ्रीज उभा होता, वरच्या झेंडूच्या हाराचा पार पाचोळा झाला होता.

"तो माझ्या बाबांनी घेतलेला नाही," मंजुळा म्हणाली. "डोंबिवलीच्या त्या दुकानापुढे नाटक बघितलं ना, 'हुंडा हटवा, हप्ता भरा'? ते मला पटलं. माझ्या पगारातून हप्ता जातो, पावती माझ्या नावाची. मी जिथे राहीन तिथे तो येईल. तुम्ही घ्यायचा प्रश्नच नाही."

श्रीपादराव मटकन खाली बसले. आनंदा म्हात्र्याचा शेवट! सरस्वतीबाईंच्या चेहऱ्यावर मात्र संध्याकाळपासून पहिल्यांदाच उजेड पडला. "कोपरा रिकामाच आहे गं," त्या म्हणाल्या.

लग्न झालं. फ्रीज कोपऱ्यात आला. श्रीपादराव शब्दाचे पक्के, ते माठातलंच पाणी पीत राहिले. सरस्वतीबाईंनी चारचौघांत कुठलाच शब्द दिलेला नव्हता, त्यामुळे त्यांचं सरबत गार असे.

उन्हाळ्यात पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढायची ठरली आणि या वेळी सभा चौबळांच्याच घरी भरली. कल्याणचा शेवट एकमताने घेतला गेला. मग शेवटचं पान आलं, तेव्हा श्रीपादरावांनी चष्मा काढला, मंजुळाने बघितलं तसा लगेच परत घातला, आणि म्हणाले, "मला वाटतं, 'कोणीही करावं, कसंही बदलावं' हे ठीक आहे. पण पुढे 'एकदा विचारायला यावं' असं घालू या."

"काय बोलता काय चौबळसाहेब!" महिपत ओरडला. टेंभी नाक्याच्या मंडळाने त्याला पुढच्या नवरात्राचंही आमंत्रण देऊन ठेवलं होतं. "खुला म्हंजे खुला! विचारायचा कशाला? देवी काय विचारायला आलेली?"

"विचारलं तर बिघडतं काय? मी काय नाही म्हणणार होतो?"

मंजुळा चहा ओतत होती. "बाबा, खरं सांगा हं," ती म्हणाली. "आमचं मंडळ तुम्हाला विचारायला आलं असतं, की आमचा सासरा असा असा आहे, तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

श्रीपादराव उठले. मग माठापर्यंत गेले, पाणी प्यायले आणि तोंड पुसत म्हणाले, "त्याला मिशा लावा."